मेलेल्या सार्जंटचं मत

मतपेटी उघडण्याआधीच निकाल ठरलेला असतो, हे स्पेनच्या आरागोन प्रांतातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे मतदानाच्या दुपारी जनरल एवारिस्तो लानुसा निवांत होते. दोन लढाया जिंकून वर्दी उतरवलेला हा माणूस आता संसदेत निघाला होता.

नगराध्यक्ष कासिमिरोंनी त्यांच्यापुढे दाट चॉकलेटचा पेला ठेवला. "चारशे बारा मतं, जनरलसाहेब! समोरच्याला साठ. तेही आपण दयेनं दिलीत!"

तेवढ्यात पेत्रोनिला आत आली. सार्जंट ब्लासची विधवा. ब्लास जनरलांच्याच तुकडीत लढताना पडला होता.

"साहेब, बाहेर दारावर कुणी कुणाला मत दिलं त्याची यादी लागलीय. मास्तरांनी वाचून दाखवली. माझ्या ब्लासनं सकाळी तुम्हाला मत दिलं म्हणे."

जनरलांनी कासिमिरोंकडे पाहिलं. कासिमिरो हसले. "अहो बाई, स्वर्गातूनही पाठिंबा आहे!"

"थट्टा नको," पेत्रोनिला म्हणाली. "त्याच्या खड्ड्यात पहिली मूठ माती साहेबांनीच टाकली होती."

जनरलांचा चेहरा उतरला. "पेत्रोनिला, मी निवडून आलो तर नदीवर पूल होईल. समोरचा जमीनदार काय करणार आहे? गावाचं भलंच होतंय ना?"

"पूल हवाच. पण तो जिवंत माणसांकडे मागा की! तुम्ही 'पुढे हो' म्हणालात, ब्लास पुढे झाला, मेला. आता मेल्यावरही हुकूमच सोडणार? शत्रूसमोर न घाबरणारा माणूस शेजाऱ्यांच्या मताला घाबरतो?"

जनरल उठले.

"कासिमिरो, ही पेटी रद्द करा. रविवारी पुन्हा मतदान."

"हराल, साहेब!"

"हरेन. पण खोटं जिंकणार नाही!"

आणि ते हरलेच! एकतीस मतांनी. कासिमिरोंनी बोलणं टाकलं, राजधानीतल्या मित्रांनी वेड्यात काढलं. सोमवारी सकाळी जनरल काठी घेऊन पायीच निघाले आणि दारोदार जाऊन लोकांचं ऐकू लागले. कुणी दार लावलं, कुणी तोंडावर शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. तीन वर्षं हेच चाललं. पुढच्या निवडणुकीत ते एकोणीस मतांनी जिंकले. या वेळी मत देणारी सगळीच माणसं गावात हिंडतीफिरती होती!

नागरिकहो, सैन्यात हुकूम चालतो, राज्यकारभारात विश्वास. चांगल्या कामासाठी चोरलेलं मतही चोरीचंच. आणि आपल्या नावावर दुसराच मत देत असेल, तर पेत्रोनिलासारखं आत शिरून विचारायला हवं. तिला तर बाई म्हणून स्वतःला मताचा हक्कही नव्हता!