उसना आणलेला मळ

सगुणने निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या साखळीच्या घरात भिंतभर लांब काचेची टाकी आणली, तेव्हा चंद्रावतीने कपाळाला हात लावला होता. टाकीत तीन ऑस्कर मासे. दिसायला राजबिंडे, पण खाण्याची तऱ्हा अशी की सुंगटं, म्हणजे कोळंबी, चावायची, निम्मी कल्ल्यांतून बाहेर सोडायची आणि उरलेल्याची घाण दिवसभर करत राहायची. ती उपसायला टाकीखाली फिल्टरचा डबा, त्यात जाडजूड स्पंज. हे सगळं सगुण हौसेने करायचा. मग त्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि हौस चंद्रावतीच्या गळ्यात आली.

सकाळी नवऱ्याचं करायचं, दुपारी माशांचं. दोघांचीही घाण काढून तिची कंबर मोडून गेली होती. मासे देऊन टाकावेत असं दहादा मनात यायचं. पण सगुणची खुर्ची टाकीसमोर असायची. मोठा ऑस्कर काचेशी आला की त्याच्या तोंडाचा वाकडा कोपरा हलायचा. एरवी तो जेवायलाही तोंड उघडत नसे. मासे गेले तर माणूसही हातचा जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सगुण बोलायचा, पण एकेक शब्द ओढून. आधी ती थांबायची. हल्ली पहिला शब्द आला की उशी सरळ करायची, नाहीतर बाथरूमकडे न्यायची आणि पुढच्या कामाला लागायची. सगळं वाक्य ऐकायला वेळ कुणाला होता?

चवथ जवळ आली. टाकीच्या शेजारीच गणपती बसायचा, वर माटोळी, फळाफुलांची चौकट, बांधायची. चंद्रावतीने पडदे धुतले, माळा झाडला, देवाची भांडी घासली आणि त्याच भरात फिल्टर उघडला. स्पंज नळाखाली धरला, धुण्याचा सोडा लावला आणि पांढरा होईपर्यंत चोळला. दारातून दिसणारा सगुण डावा हात हलवत होता.

"गो... तो..." त्याने सुरुवात केली.

"हय, इलंय मरे! दोनच हात आसत माका," ती आतूनच ओरडली. मग येऊन तिने त्याला खुर्चीत सरळ बसवलं. तो डोळे मिटून बसला.

चवथीच्या आदल्या दिवशी टाकीचं पाणी दुधाळ झालेलं होतं. एक ऑस्कर तळाशी आडवा पडला होता. बाकीचे दोघे वर येऊन धापा टाकत होते. सगुण खुर्चीत पुढे वाकला होता, चहा तसाच. चंद्रावतीने साईशला फोन लावला. हा पलीकडच्या वाड्यावरचा पोरगा. मासे पाळायला त्याला सगुणनेच शिकवलं होतं.

"काकी, स्पंज कशान धुतलंस?"

"नळाच्या पाण्यान. सोडो घालून. चवथ इली मरे!"

"त्या मळात जंतू आसतत, काकी. माशांची घाण तेच खातत. काका टाकीतल्याच पाण्यात नुसतो पिळी. माझो मळको स्पंज घेवन जा. आनी धुव नको हां!"

सगळं गाव घरातली घाण बाहेर टाकत असताना चंद्रावती दुसऱ्याच्या घरून पिशवीतून घाण आणायला निघाली. परतताना वाटेत शेजारच्या देवकीवहिनीने विचारलं, "माटोळयेचा सामान गो?" तिने नुसती मान हलवली. स्पंजचा वास लपवायला पिशवीचं तोंड घट्ट आवळून धरलं होतं.

घरी येऊन तिने मेलेला मासा काढून केळीखाली पुरला. टाकीचं निम्मं पाणी बादल्यांनी उपसलं, शेजारच्या विहिरीचं भरलं. तो काळा, बुळबुळीत स्पंज फिल्टरमध्ये बसवला. नुकत्याच सारवल्यासारख्या लख्ख खोलीत कुजका दर्प भरला. दुपार कलली तेव्हा मोठा ऑस्कर पृष्ठभाग सोडून जरा खाली गेला. जगेल की नाही, कोण सांगणार? पण खाली गेला खरा.

चंद्रावती ओल्या लुगड्यानिशी खुर्चीजवळ उभी राहिली.

"चुकला माजा," ती म्हणाली. "तुमी त्याच दिसा सांगीत होतात. मी आयकलंय नाय."

सगुणचे ओठ हलले. तिचा हात सवयीने उशीकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. आता काय ती बोलणी खाऊ, म्हणून ती उभी राहिली.

"तूं..." सगुण म्हणाला. बराच वेळ गेला. "मातशी..." त्याची मान ताणली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, तरी तिने ती पुसली नाही. "मातशी... बस गो."

चंद्रावती तिथेच जमिनीवर बसली. किती महिन्यांत तिला कुणी जरा बस म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं आणि ते आवरायला ती उठली नाही.