डावीकडे वीस

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचाही नव्हे. एका मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या काचेच्या खोलीत, समोरच्या खिडकीच्या वर माझी गोल तबकडी टांगलेली आहे. जहाजाच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली, दुमजली घराएवढं लोखंडी पान असतं. त्याला सुकाणू म्हणतात. ते डावीकडे वळलं की मी डावीकडे झुकतो, उजवीकडे वळलं की उजवीकडे. बस्स, एवढंच माझं काम. सव्वीस वर्षं तेच करतोय. खरं सांगू का, आता थकलोय.

कारखान्यात मला एका चष्मेवाल्या बाईंनी बसवलं. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्यांनी माझ्यावर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "खोटं दाखवू नकोस रे बाबा." आजवर एकदाही दाखवलं नाही. तेवढी एकच मिरवायची गोष्ट माझ्याकडे आहे.

सुरुवातीची वर्षं मोठ्या कौतुकाची होती. पहिला कप्तान रोज सकाळी मला पिवळ्या फडक्याने पुसायचा. मग ब्रिजवर एकेक रंगीत पडदे आले आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. माझ्या काचेवर ओरखडे पडले, ते तसेच राहिले. पुढे कुणीतरी जेवणाच्या वेळांची चिठ्ठी माझ्या तबकडीवरच चिकटवली. उजव्या बाजूचे निम्मे आकडे तिच्याखाली गेले. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. जेवण केव्हा आहे हे मात्र सगळ्यांना पाठ झालं.

आता माझ्या माणसांची ओळख करून देतो. चाकावर मामा. सुकाणूचं चाक धरणारा हा माणूस एकवीस वर्षं या कामात मुरलेला. अख्खं जहाज त्यांना मामा म्हणायचं, कप्तानसुद्धा. कप्तान तापट, पण मनाने वाईट नाही. आणि जहाजाच्या दुसऱ्या अधिकारी, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे. नकाशावर त्यांची पेन्सिल अशी चालायची की बघत राहावं.

चौथे पायलटसाहेब. पायलट म्हटल्यावर तुम्ही लगेच आकाशात बघाल. हे पायलट पाण्यावरचे. बंदर जवळ आलं की लहान बोटीतून येतात, हलत्या जहाजाला लटकलेल्या दोराच्या शिडीने चढतात आणि जहाज धक्क्याला लावून देतात. कप्तानाला सगळं जग ठाऊक असलं तरी या बंदरातली वाळू काल कुठे होती आणि आज कुठे सरकली, हे त्याला कुठून कळणार? ते पायलटला ठाऊक असतं. म्हणून तो म्हणेल तसं जहाज वळतं. आमचे पायलटसाहेब केस पिकलेले, बोलायला गोड, चहा बिनसाखरेचा. ते ब्रिजवर आले की कप्तानाचे खांदे सैल पडायचे. मला वाटतं, तिथेच आमचं चुकत होतं. एक माणूस आला की बाकीचे तिघं मनातल्या मनात रजेवर जायचे.

ब्रिजवर एक रीत आहे. पायलट हुकूम देतो, "डावीकडे वीस." म्हणजे सुकाणू डावीकडे वीस अंश वळवा. चाकावरचा माणूस तेच मोठ्याने परत म्हणतो आणि चाक फिरवतो. मग माझ्याकडे बघून खात्री करायची. रीत चांगली आहे. पण हुकूम बरोबर परत ऐकू आला की माणसाचं समाधान होतं आणि वर बघायचं राहून जातं. शेकडो वेळा राहिलं आणि काही बिघडलं नाही, म्हणून ते राहणंच रीत होऊन बसलं.

तो दिवस लख्ख उन्हाचा होता. ना धुकं, ना वारा. आधीच्या बंदरात माल चढवताना मामा सारखे पायावर उभे होते. अठरा तास त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चाक धरल्या धरल्या त्यांनी दोन जांभया गिळल्या. मॅडमनी ते पाहिलं होतं. त्या कप्तानाला म्हणाल्या, "सर, मामांना बदली देऊ का?"

"पायलट आलेत ना आता? अर्ध्या तासात धक्क्याला लागतोय. मधे मधे नका करू," कप्तान खेकसला. मॅडमनी मान खाली घातली ती घातलीच.

बंदराच्या तोंडाशी वाट डावीकडे वळते. उजव्या हाताला दगडी धक्का आहे. त्याच्या पायथ्याशी एक नावाडी आपली छोटी होडी घेऊन जहाजाचे दोर झेलायला थांबलेला असतो. गालात सुपारी ठेवावी तसा हा माणूस गालात शिट्टी ठेवून गप्पा मारतो, असं पायलटसाहेब हसून सांगायचे.

"डावीकडे वीस," पायलटसाहेब म्हणाले.

"डावीकडे वीस," मामा खणखणीत बोलले. आणि त्यांच्या हातांनी चाक उजवीकडे फिरवलं.

तोंड एक म्हणालं, हातांनी दुसरं केलं. थकलेल्या माणसाचं असं होतं हो. मी झुकलो उजवीकडे, अर्धामुर्धा त्या चिठ्ठीच्या आड. पायलटसाहेबांनी उत्तर ऐकलं आणि कप्तानाने पुढे केलेल्या कागदावर सही करायला वळले. मॅडमची नजर मात्र माझ्यावर पडली. मला वाटलं, सुटलो! त्यांचे ओठ उघडले. मग त्यांनी कप्तानाकडे पाहिलं, आणि ओठ मिटले.

एवढं मोठं जहाज, ते लगेच वळत नाही. अर्ध्या मिनिटाने नाक उजवीकडे जायला लागलं. पायलटसाहेबांना वाटलं, पाण्याची ओढ आहे. ते ओरडले, "डावीकडे पूर्ण!"

"डावीकडे पूर्ण!" म्हणत मामांनी चाक आणखी उजवीकडे घातलं. मी टोकाला जाऊन टेकलो. मला घसा असता तर फाटेपर्यंत ओरडलो असतो.

मग इंजिन उलटं फिरवलं, नांगर सोडला, पण वेळ गेली होती. जहाज धक्क्यावर घासलं आणि होडीचा चुरा झाला. नावाडी उडी मारून वाचला, पण दगडांत त्याचा गुडघा पिचला. तो पुढे कधी नीट वाकला नाही.

चौकशी बसली, ती ब्रिजवरच, माझ्या डोळ्यांदेखत. तिथे मामा रडवेले होऊन एकच सांगत होते, "मी डावीकडेच फिरवलं. देवाशपथ." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ब्रिजवरचं बोलणं टिपणाऱ्या यंत्रातही त्यांचं "डावीकडे" स्पष्ट ऐकू आलं. कप्तानाला वाट सापडली. तो म्हणाला, "काटा जुना झालाय, सुकाणूचं यंत्रही. तेच बिघडलं असणार."

मित्रांनो, बघा कसा डाव होता. खापर माझ्यावर फोडलं की चौघंही सुटत होते. मामांची नोकरी राहत होती. मला काय, काढून भंगारात टाकलं असतं. खरं सांगतो, मामांसाठी मी तेही सोसलं असतं. पण मग पुढचं जहाज? तिथेही असेच चौघं उभे राहणार होते आणि वर कुणीच बघणार नव्हतं.

मॅडम उठल्या. "काटा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "उजवीकडे गेलेला मी पाहिला. दोन्ही वेळा. आणि मी बोलले नाही."

मामांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि कुणा परक्याचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत बसले. मग पायलटसाहेब बोलले. "उत्तर ऐकलं आणि पाठ फिरवली. पस्तीस वर्षं तेच करत आलोय. एकट्या मामांवर ढकलू नका. अठरा तास न झोपलेल्या माणसाच्या हातात चाक आम्हीच दिलं."

कप्तानाची बदली झाली. पायलटसाहेबांना सहा महिने घरी बसावं लागलं. मामा आठ महिन्यांनी परत आले, ते निम्मे होऊन. आल्या आल्या त्यांनी माझ्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. कितीतरी वर्षांनी मला कुणी पुसत होतं. ते पुटपुटले, "चुकलं रे माझं." मला फार वाईट वाटलं.

नंतर आम्ही पुन्हा त्याच बंदरात शिरलो. तेच पायलटसाहेब शिडी चढून आले. चहा घेण्याआधी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मी चुकलो तर तोंडावर सांगायचं. राग मी नंतर घरी जाऊन करीन." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांच्या तळहातांचा घाम चाकाला लागत होता.

वळण आलं. समोर ते वळण, बाजूला तो धक्का. कुणास ठाऊक साहेबांच्या डोळ्यांपुढे काय आलं. ते म्हणाले, "उजवीकडे वीस."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी लायकी कळली. मामांनी हुकूम पाळला असता तर मी अगदी बरोबर उजवीकडे झुकलो असतो, आणि जहाज अगदी बरोबर धक्क्यावर गेलं असतं. झालेलं तेवढं मी दाखवतो. होणारं थांबवायला माणूसच लागतो.

मामांचे हात चाकावर थांबले. एकदा ज्याचं नाव चुकीला लागलं, त्याने पायलटला विचारायचं? आवाज कापत होता, पण निघाला.

"साहेब, उजवीकडे म्हणालात. वळण डावीकडे आहे ना?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "डावीकडे. डावीकडे वीस, मामा."

"डावीकडे वीस." चाक फिरलं. मॅडमनी वर पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "काटा डावीकडे, वीस." माझा जीव भांड्यात पडला.

साहेब मामांजवळ गेले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाचवलंत मला." मामांनी मान हलवली आणि पुन्हा वर माझ्याकडे पाहिलं. उजव्या हाताला तो नावाडी काठी टेकून धक्क्यावर उभा होता. आता होडी त्याचा भाऊ चालवायचा. "किती उशीर लावता राव!" तो आमच्याकडे बघून ओरडला. आत काय होऊन गेलं, याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

पुढच्या महिन्यात मला उतरवणार आहेत. नवा पडदा बसणार आहे म्हणे. बसू दे. दमलो आता. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. घरात, शाळेत, उद्या कामावर काही उलटं जाताना दिसलं, तर समोर कितीही मोठा माणूस असो, मान खाली घालू नका. फार तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. आणि तुम्ही मोठे झालात, कुणी तुम्हाला अडवलं, तर त्याच्यावर खेकसू नका. मी सव्वीस वर्षं सगळं खरं दाखवलं, तरी त्या नावाड्याचा गुडघा मला वाचवता आला नाही. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.