शेवटचं दाबलेलं अक्षर

तिनं आधी बॅटरीची जोडणी काढून बाजूला ठेवली, मग गुडघे टेकून मशीनच्या मागं हात घातला आणि मुख्य वायर मुठीत धरली.

"लिहीत राहा सगळे," ती तिथूनच ओरडली. "मनात येईल ते लिहा, पण सेव्ह करायचं नाही. करेल त्याला आज चहा नाही."

टेबलांवर चार स्क्रीन होते आणि त्यांच्यापुढं चौघं जण बसले होते. वरवर पाहता ते चार कॉम्प्युटर होते. खरं तर ती व्हर्च्युअल मशीनं, एकाच खऱ्या मशीनच्या पोटात नांदणारी. त्या खऱ्या मशीनमध्ये वीज गेली तरी न विसरणारी मेमरी बसवलेली होती. निदान कागदोपत्री तरी न विसरणारी. लिहिलेलं अक्षर मेमरीत पोचण्याआधी क्षणभर प्रोसेसरच्या खिशात राहतं, आणि वीज गेली की खिशातलं सगळं जातं. खिशातलं कपाटात, म्हणजे मेमरीत, ठेवल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही, एवढी एक शिस्त त्या व्हर्च्युअल मशीनांच्या अंगी बाणवायला तिला सात महिने लागले होते.

दाराशी अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूमच्या मुख्य बाई वही घेऊन उभ्या होत्या. मागच्या वर्षी त्यांच्याकडे वीज गेली, तेव्हा फोनवर लिहून घेतले जात असलेले एकोणीस पत्ते नाहीसे झाले आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आज एक अक्षर जरी गेलं, तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार होतं, आणि हिची नोकरीही जाणार होती. तीन महिन्यांपूर्वी तिनं चाचणी घेतली ती फक्त व्हर्च्युअल मशीनं बंद करून. खऱ्या मशीनची वीज चालूच होती, म्हणजे खिशातलं काही जाणारच नव्हतं. सगळं जसंच्या तसं परत आलं, टाळ्या पडल्या, आणि आठवड्यानं तिचं तिलाच उमगलं की परीक्षा झालीच नव्हती. तिनं आपणहून जाऊन ते सांगितलं. संचालकांनी बजावलं, पुढची चूक शेवटची.

चौथ्या खुर्चीवर विभागप्रमुख बसले होते. पाठीमागं त्यांना सगळे 'नाहीसाहेब' म्हणत, आणि त्यांनी त्या नावाला कधी बट्टा लागू दिला नव्हता. नेहमीचा माणूस आजारी पडला म्हणून आज ते दोन बोटांनी टाइप करत होते.

"ओढू?" तिनं विचारलं.

"नाही म्हटलं तर थांबणारेस का?"

तिनं वायर ओढली. पंखे गप्प झाले, चारही स्क्रीन काळे पडले. दहापर्यंत मोजून तिनं वायर परत लावली, पण उठायचा काही धीर होईना. मशीन जागं व्हायला पाच मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिनं मशीनच्या मागच्या पत्र्यावरचे सगळे स्क्रू मोजून काढले.

"आलं! माझं आलं!" पहिल्या खुर्चीवरची रिसेप्शनिस्ट किंचाळली.

"वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. "शेवटचं अक्षर तुम्ही दाबलेलं तेच आहे ना, तेही सांगा."

"'सासूबाईंना सांगून टाकलंय, रविवारी मी लवकर उठणार ना', इथंच गेली वीज."

दुसऱ्यानं एकोणिसाचा पाढा लिहिला होता आणि तोही चुकवला होता. चूकसुद्धा जशीच्या तशी परत आली. तिसऱ्यानं 'ओढ गं बाई वायर' अकरा वेळा लिहून बाराव्यांदा नुसता 'ओ' टाकला होता. खोलीत हशा पिकला. मशीनच्या मागं ती तोंडावर हात दाबून बसली होती.

"तुमचं, साहेब?"

"आलंय."

"वाचा ना."

"आलंय म्हटलं ना."

"वाचल्याशिवाय मी खूण करणार नाही," बाईंनी पेन वर धरलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि कार्यालयीन परिपत्रक वाचावं तशा आवाजात सुरुवात केली.

"'संचालक महोदय, आजची चाचणी अपयशी ठरली. याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, वेळ मीच कमी दिला. मागची चूक जिनं आपणहून येऊन सांगितली, तिला कृपया कामावरून काढू नये. अशी माणसं शोधून सापड'..." ते खाकरले. "शेवटचं अक्षर ड. मीच दाबलेलं."

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी चौथी खूण केली, खाली सही ठोकली आणि वही मिटली. मग मात्र टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ती उठून उभी राहिली. गुडघ्यांना धूळ, डोळ्यांत पाणी, आणि हसू तर आवरता आवरत नव्हतं. इतका आनंद तिला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला होता.

"साहेब, मग आता हे पत्र?"

"पहिलं वाक्य खोटं निघालं. ते खोडतो." त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर पुसलं. "जबाबदारीही आता माझी कसली? तुझीच." तेही पुसलं. "बाकीचं मात्र पाठवायचंय."

ते शेवटच्या अर्ध्या शब्दाशी आले आणि त्यांचं बोट कीबोर्डवर फिरत राहिलं.

"'त' कुठं असतो गं?"

तिनं त्यांच्या खांद्यावरून हात पुढं केला आणि ते अक्षर दाबलं.