सत्तावीस दिवसांचे सरकार आणि भवरथडीची नाव

मित्रांनो, तापीकाठी भवरथडीला आलात तर बाभळीखाली एक जुनी नाव पालथी पडलेली दिसेल. ती मी. मला पाहून लोक हळहळतात, बिचारी बुडाली असेल म्हणतात. मी कधीच बुडाले नाही. एवढे आधीच सांगून ठेवते, कारण त्या गोष्टीचा मला राग येतो.

मला जीवराम भोई यांनी घडवले. सागाच्या फळ्या, फटींत ठासलेला ताग आणि वरून गरम डांबराचे हात. ते गेल्यावर वल्हे त्यांच्या मुलाच्या, मगनच्या हाती आले. पलीकडच्या काठावरून चोपड्याचा रस्ता लागतो. लांबच्या पुलावरून जायचे तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडतो. माझ्यातून पंधरा मिनिटे लागत. मी केळीची पाने नेली, शाळेतले गुरुजी नेले, माहेरी निघालेल्या लेकी नेल्या, एकदा तर एक चिडका रेडाही नेला. पण माझी सगळ्यांत लाडकी उतारू म्हणजे मगनची मुलगी कामिनी. ती चोपड्याला नर्सिंग शिकत होती. रोज सकाळी माझ्या टोकाशी बसून ती हाडांची नावे पाठ करायची. मांडीच्या हाडाला फीमर म्हणतात हे मला तिच्यामुळे ठाऊक आहे. मला स्वतःला एकही हाड नाही, तरी ते ऐकायला बरे वाटे.

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या भागातले उमेदवार अभिमन नाना माझ्यात बसले होते. ओंजळीने तापीचे पाणी पिऊन ते मगनला म्हणाले, "मगन भाऊ, मला दिल्लीला धाडा, इथं पूल बांधतो." गावाने त्यांना भरभरून मते दिली. नाना खासदार झाले.

पुढे दिल्लीत सरकार कोसळले आणि दुसरे काही उभे राहीना. महिनाभर नुसती ओढाताण चालली होती. शेवटी आठ-नऊ पक्षांनी एकत्र येऊन कसेबसे एक मंत्रिमंडळ उभे केले. त्यात एकेका खासदाराला सोन्याचा भाव आला, आणि आमचे नाना राज्यमंत्री झाले. भवरथडीने त्या दिवशी चुलीला निमंत्रण दिले, म्हणजे कोणाच्याच घरी चूल पेटली नाही. सगळे गाव वरण-बट्टी जेवले.

सरकारच्या अकराव्या दिवशी नाना पुलाचा नारळ फोडायला येणार असे ठरले. त्यांचे स्वीय सहायक रुपचंद आदल्या दिवशी येऊन जागा पाहून गेले. त्यांना मीच आवडले. ज्या नावेने गावाने आजवर नदी ओलांडली, तिलाच पालथी घालून तिच्यावर मंत्री उभे राहतील, फोटो फार छान येईल, असे ते म्हणाले.

भोयांची एक रीत आहे. नाव थकली की तिची ओटी भरतात आणि तिला काठावर पालथी घालतात. एकदा पालथी घातलेली नाव पुन्हा पाण्यात ढकलत नाहीत. मी थकले नव्हते. पण मगन रुपचंदांना म्हणाला, "आते पूल व्हई जाई. मंग नावनं काय काम?" त्याची बायको बेबाबाई हिने डोळे पुसत माझी ओटी भरली आणि चार जणांनी मला पालथी घातले. मग मांडववाल्यांनी माइकसाठी आणि कठड्यासाठी माझ्या तळाला नऊ भोके पाडली. मला फार दुखले. तरी मी मनाची समजूत घातली, की कामिनी पुलावरून जाईल.

नाना बूट घालून माझ्यावर उभे राहिले. वर्षाच्या आत पूल होईल असे म्हणाले. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

सत्ताविसाव्या दिवशी सरकार पडले. विश्वासाच्या ठरावाला दोन मते कमी पडली. काठावर माणसे जमली होती, बायका तर घरातलेच कोणी गेल्यासारख्या बसल्या होत्या. "आपला नानानं वाईट करं त्या लोकेसनी," असे म्हणत होत्या. नानांना धीर द्यायला जायचे म्हणून बेबाबाईने बट्टीचे पीठसुद्धा मळायला घेतले. तेवढ्यात तेजस गुरुजी वर्तमानपत्र घेऊन आले. ज्यांनी बाजू बदलून सरकार पाडले त्यांची नावे छापली होती, आणि त्यांत पहिलेच नाव नानांचे होते. त्याच आठवड्यात दुसरे मंत्रिमंडळ झाले आणि नाना त्यात आणखी मोठे मंत्री झाले. शत्रूने पाडले असते तर मी गप्प बसले असते. पण हा माणूस माझ्या पाठीवर उभा राहून बोलला होता.

मगन जळगावच्या विश्रामगृहावर दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला भेट झाली. नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, ते त्या सरकारचं काम होतं. ते सरकार गेलं. आता नवीन अर्ज करा."

मगन म्हणाला, "नाना, त्या सरकारमा तुम्हीच व्हतात ना?"

नानांनी घड्याळ पाहिले. मगनने घरी येऊन हे सांगितले, तेव्हा त्याला धड रडताही येत नव्हते.

मी पालथी, गावात दुसरी नाव नाही, म्हणून एसट्या बदलत कामिनी रोज उशिरा पोचायची, कधी पोचायचीच नाही. हजेरी कमी भरली आणि तिला परीक्षेला बसू दिले नाही. तिचे वर्ष गेले. आता येत्या सोमवारपासून तेच वर्ष पुन्हा सुरू होत आहे, आणि या खेपेला हजेरी चुकली तर पटावरून तिचे नाव कटणार आहे. म्हणून मगनने रीत मोडली. जाणते भोई चिडले, तरी तो रोज डांबर तापवून माझी भोके बुजवतो आहे.

आज सकाळी रुपचंद पुन्हा आले. उद्या, शनिवारी, नाना नव्या सरकारतर्फे पुलाचा नवा नारळ फोडणार आहेत आणि त्यांना मीच हवी आहे. मागचा फोटो फार गाजला होता म्हणे.

मगनने हातातला डांबराचा डबा खाली ठेवला. मला वाटले, आता हा त्यांना हाकलून देईल. पण तो कामिनीकडे वळून म्हणाला, "या टाइमले खरंच व्हई, बेटा."

मित्रांनो, नानांनी फसवले तेव्हा लागले नव्हते, इतके ते वाक्य मला लागले.

कामिनी बापाशेजारी बसली. म्हणाली, "आबा, पूल जवय व्हई तवय व्हई. सोमवारले मी कशी जाऊ?"

मगनने माझ्या तळावरून हात फिरवत उरलेली भोके मोजली. मग त्याने डबा पुन्हा उचलला. "नाव मोकळी नही शे, रुपचंद भाऊ," तो म्हणाला. "तिले सोमवारले पाणीमा जानं शे."

मुलांनो, मोठे झालात की तुमच्याही गावी कोणी तरी पूल द्यायला येईल. त्याला जरूर हार घाला, त्याच्या शब्दावर टाळ्याही वाजवा. पण पूल पायाखाली येईपर्यंत आपली नाव पालथी घालू नका. माझी तीन भोके अजून उघडी आहेत आणि आज शुक्रवार आहे.