संपतरावांचा कान

"त्या पाटावरच्या एकाही पान्याला हात लावाल तर याद राखा, अहो!" वसुंधराबाई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या.

देवघरासमोर उकिडवे बसलेले संपतराव ढिम्म. पुढे केलेला हात तसाच पुढे. शेवटी कढईतली पुरी अर्धवट टाकून, झारा हातात घेऊन बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे तो हात मागे आला.

"एकच पेच फिरवायचाय गं," ते वर बघून म्हणाले. "अर्धं मिनिट."

"अर्धं नाही नि पाव नाही. पूजा झालीय त्यांची. उद्या दसऱ्याला उचला."

खंडेनवमी होती. पाटावर लाल कापड, त्यावर रिंगपाने, पक्कड, हातोडी आणि पेच पिळायचं, चपट्या तोंडाचं लांबलचक डिसमिस ओळीने मांडलेलं, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट आणि एकेक झेंडूचं फूल. आज हत्यारांना विश्रांती, त्यांना हात लावायचा नाही, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नेम. इतर मराठ्यांच्या घरी पाटावर तलवार असेल. संपतरावांच्या घरी पान्यांचा सेट होता आणि त्याचं सोवळं तलवारीपेक्षा कडक होतं.

"गाडी झाली म्हणालात ना काल? मग पेच कशाला?"

"झालीच आहे. नुसती उभी असली की बंद पडते एवढंच. स्लो स्पीड जरा वाढवायचा."

"महिनाभर काय झोपला होता?" असं म्हणून बाई पुन्हा कढईकडे वळल्या. पुरी काळी पडली होती. तिचं खापरही त्यांनी गाडीवरच फोडलं.

ती गाडी फाटकाच्या आत, घरापुढच्या ओटल्याला लागून उभी होती. साडेतीनशे सीसीची, सत्याहत्तर सालची मोटरसायकल. मागे दोन्ही बाजूंना संपतरावांनी स्वतः वेल्डिंग करून बसवलेल्या लोखंडी पेट्या. या गाडीवर दोघांनी अबू पाहिलं, सोमनाथ पाहिलं, दीवचा समुद्र पाहिला. आणि दर वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याच्या घाटाने नाशिक, तिथे मुक्काम, मग जेजुरी. कुलदैवत सहाशे किलोमीटरवर सोडून बडोद्याला चाकरीला आलेल्या सासरच्या पूर्वजांना वसुंधराबाई नाशिक येईपर्यंत शिव्या घालत, आणि परत आल्यावर अकरा महिने पुढच्या खेपेची वाट बघत. हे दुसरं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा त्या गाडीने त्यांचा जीव नकोसा करून सोडला होता. पहिल्या रविवारी संपतरावांनी इंजिनाचं वरचं झाकण उघडलं, टॅपेट बसवले, बंद केलं. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच! ओटल्यावर ऑइलचे डाग, चांगल्या साडीच्या चिंध्या, पीठ मळायच्या परातीत रॉकेलमध्ये बुडवलेले नटबोल्ट. पुण्याहून केयूरचा फोन यायचा, "आई, बाबांना सांग, नवी गाडी घेऊन मी येतो, आरामात एसी लावून जाऊ." तर बाबा फोनला शिवायला तयार नाहीत. "तूच बोल त्याच्याशी" म्हणून बाजूला. टीव्ही लावला की इथल्या, वासण्यातल्या बातम्या पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, फतेगंजला ऐकू जाव्यात. आणि नोकरी? नंदेसरीच्या कारखान्यातली, कंप्रेसरवरची, चांगली चालू नोकरी! दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्तीची यादी निघाली तर यांनी आपणहून पहिलं नाव दिलं. कारण काय, तर कंटाळा आला. चोपन्नाव्या वर्षी माणसाला कंटाळा येतो? त्यावरून वर्षभर घरात धुसफूस चालली आणि अजूनही ती पुरती विझली नव्हती.

एवढं असून सोसायटीत मान बघा यांचा! कुणाची जुनी स्कूटर असो की नवी कोरी शंभर सीसीची, "संपतराव, जरा कान लगावो ने" म्हणत माणसं यायची. संपतराव डिसमिसचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेअरिंग जातंय." "चेन सैल आहे." गॅरेजवाल्याला आठवडाभर न सापडलेलं दुखणं त्यांना मिनिटात सापडायचं. "अमारा संपतरावनो कान!" असं समोरचे जशुभाई पाहुण्यांना सांगत, जसा काही तो कान जशुभाईंनीच दूधतूप घालून वाढवला होता. हल्ली मात्र संपतराव लोकांना परत पाठवायचे. वेळ नाही, घरच्या गाडीचं काम काढलंय म्हणायचे.

बाहेर किक मारल्याचा आवाज आला. चौथ्या किकला इंजिन लागलं. वसुंधराबाई हात पुसत ओटल्यावर आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

टकटक टकटक टकटक. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी हलवत बसावं तसा आवाज. टॅपेट कुठे असतात ते बाईंना दाखवता आलं नसतं, पण बावीस वर्षं मागे बसून त्यांनी हे इंजिन ऐकलं होतं. झोपेतसुद्धा त्यांनी सांगितलं असतं की हे बिनसलंय.

"हे काय हो? तीन रविवार घालवून हे?"

संपतराव पाठमोरे होते. एका हाताने एक्सलेटर धरलेला, दुसरा तळहात टाकीवर पसरलेला. त्यांनी मान वळवली, बायकोला बघितलं आणि चेहरा खुलला.

"बघ! कशी लोण्यासारखी चाललीय."

"चेष्टा करताय माझी?"

पण चेष्टा नव्हती. पहिल्या पगाराच्या दिवशी होता तसा निर्मळ आनंद त्या चेहऱ्यावर होता. समोरच्या ओटल्यावर जशुभाईंनी पेपर खाली केला, इंजिनाकडे पाहिलं, संपतरावांकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

वसुंधराबाईंची नजर नवऱ्याच्या तळहातावर गेली. पूर्वी हा माणूस इंजिनावर कान टेकून वाकायचा. आज तो ताठ उभा होता आणि तळहाताने इंजिन चाचपत होता. फोन. टीव्ही. दारावरची बेल वाजून वाजून परत गेलेला गॅसवाला. मघाचा, पाटाकडे पुढे केलेला हात. आणि आपण बायको म्हणून काय केलं? लक्ष देत नाहीत, लक्ष देत नाहीत, म्हणून नुसती कटकट केली. डोळे फुटले होते का आपले?

संपतरावांनी एक्सलेटर सोडला. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

परवा पहाटे निघायचं होतं. सापुताऱ्याचा घाट, मागून ट्रक, आणि पुढे बसलेल्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही. त्याला आजच सांगायला हवं. पण सांगायचं कसं? हळू सांगितलं तर त्याला कळणार नाही. मोठ्याने सांगितलं तर सगळ्या सोसायटीला कळेल. चार टेनामेंट घरं इकडे, चार तिकडे, मध्ये बारा फुटांचा रस्ता. त्यात सणाचा रविवार, प्रत्येक ओटल्यावर माणसं. घरात नेऊन दार लावून सांगावं, तर भिंती अशा की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. चिठ्ठी लिहून हातात ठेवायची? तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला असली गोष्ट वाण्याच्या यादीसारखी लिहून द्यायची? छे! ज्याच्या कानाचा गावभर डंका, त्याच्या कानाची ही गोष्ट चारचौघांत ओरडून सांगणं म्हणजे त्याला जिवंतपणी मारणं. वसुंधराबाईंना रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून आणखी राग आला.

त्या तरातरा पायऱ्या उतरल्या आणि गाडीकडे बोट करून म्हणाल्या, "सुरू करा."

"आत्ताच तर बघितली ना?"

"करा म्हणते ना! आणि जोरात. आणखी जोरात!"

त्यांनी हाताने पिळून दाखवलं. संपतराव चकित झाले. गाडीत या बाईने एवढा रस कधी दाखवला नव्हता. त्यांनी हौसेने किक मारली, एक्सलेटर पिळला आणि इंजिन असं गरजलं की पलीकडच्या ओटल्यावरची मुलं कानांवर हात ठेवून हसायला लागली. गल्लीत दुसरं काही म्हणता काही ऐकू येईना.

वसुंधराबाईंनी नवऱ्याची मान खाली ओढली, कानाला तोंड लावलं आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या:

"तुम्हाला ऐकू येत नाही हो! गाडी टकटक करतेय आणि तुम्हाला ऐकूच येत नाही!"

संपतराव हळूहळू सरळ झाले. एक्सलेटर त्यांच्या हातातून सुटला. गाडीला वळसा घालून ते बायकोच्या समोर आले आणि त्या गोंगाटात तिला ऐकू जावं म्हणून तेवढ्याच जोरात ओरडले:

"ठाऊक आहे मला!"

त्यांच्या पाठीमागे गाडी खोकली. एकदा. दोनदा. आणि बंद पडली.

"तीन वर्षं झाली!" संपतराव तसेच, त्याच आवाजात म्हणाले.

गल्ली चिडीचूप. मुलांचं हसणं थांबलं. जशुभाईंचा पेपर जागच्या जागी राहिला. वसुंधराबाईंनी घाईने हात उचलून नवऱ्याच्या तोंडावर धरायला नेला, पण त्यांनी तो मध्येच पकडला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. संपतरावांना वाटत होतं, मागे इंजिन चालूच आहे. जन्मात पहिल्यांदा हा माणूस बोलत होता, आणि आता थांबवलं तर पुन्हा कधी बोलायचा नाही. बाईंनी हात सोडवून घेतला नाही.

"अठरा वर्षं कंप्रेसरपाशी काढली! कापूस घालून काय होतंय? वर्षाला तपासणी व्हायची, कानाला यंत्र लावायचे. शिट्टी ऐकू आली की बोट वर करा म्हणायचे. तो पोरगा बटण दाबताना मान हलवायचा. मी त्याची मान बघून बोट वर करायचो! पास व्हायचो!"

ते हसले. ते हसणंसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असणार.

"आणि नोकरी मी कंटाळून नाही सोडली, वसू. एक दिवस गॅस सुटला. भोंगा वाजत होता आणि मी खाली मान घालून मीटरचं रीडिंग लिहून घेत होतो. माझ्या पाळीतला विश्वंभर मला न्यायला आत आला, कॉलर धरून ओढत बाहेर काढलं. त्याच्या छातीत गॅस गेला, चार दिवस इस्पितळात होता. त्याची पोरगी तेव्हा सहा महिन्यांची होती. माझ्यापायी एखादा मरेल म्हणून सोडली! तू वर्षभर बोलत होतीस, मी ऐकून घेतलं. म्हणजे, जेवढं ऐकू आलं तेवढं."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. नवऱ्याच्या खांद्यावरून त्यांना समोरचा ओटला दिसत होता. जशुभाई उठले. पेपरची घडी घालताना कागदाचा आवाज होऊ नये म्हणून ती त्यांनी अगदी सावकाश घातली. ओठांवर बोट ठेवून मुलांना आत जायची खूण केली, बायकोला डोळ्यांनी खुणावलं. मग शेजारच्या ओटल्यावरची भाजी निवडणारी बाई परात उचलून आत गेली. मग तिच्या पलीकडचे.

"का नाही सांगितलंत मला?" वसुंधराबाई म्हणाल्या. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. संपतरावांना नीट कळलं.

"सांगितलं असतं तर तू मागे बसली असतीस का?" ते ओरडले. "आणि तू मागे असलीस तर मला कान लागत नाहीत! मागनं ट्रक आला की तुझी बोटं माझ्या खांद्यात रुततात. उजवीकडनं आला तर उजव्या, डावीकडनं आला तर डाव्या. तुला ठाऊक पण नाही! तीन वर्षं मी जेजुरी तुझ्या बोटांवर केलीय. एकटा असलो तर इथल्या अकोट्याच्या पुलापलीकडे मी गाडी नेत नाही, वसू. नेऊच शकत नाही!"

बाईंनी मान खाली घातली. केयूरला आज फोन करायचा, ये म्हणायचं, हे त्यांनी मघाशी ठरवलं होतं. यंदा चारचाकीतून जायचं. ते ठरलं होतं ते ठरलंच होतं. पण ते आता या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

संपतरावांनी तिचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. तीस वर्षांनंतर त्या चेहऱ्यावरचं त्यांना सगळं वाचता येत होतं.

"बरं," ते म्हणाले. "केयूरला सांग, टाकी फुल्ल करून ये म्हणावं." मग तिचा हात सोडून, "बंद करतो हिला. उगाच पेट्रोल जळतंय."

ते वळले आणि सवयीने त्यांचा तळहात टाकीवर गेला. टाकी गार पडलेल्या चुलीसारखी निवांत होती.

संपतरावांचा हात तिथेच राहिला. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग झटकन समोर, मग गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कुणी होतं?" त्यांनी विचारलं. या खेपेला अगदी हळू.

वसुंधराबाईंनी नकारार्थी मान हलवली.

सणाचा रविवार, सकाळचे दहा वाजलेले, आणि एकाही ओटल्यावर माणूस नव्हतं. सातही दारं लोटलेली होती. संपतरावांनी प्रत्येक दार वेगवेगळं, नीट बघितलं. मग खाली वाकून चिंधी उचलली आणि मान वर न करता गाडी पुसायला घेतली.