शिक्का एका घरी, पॅड दुसऱ्या घरी

हे मी सांगणारच नव्हतो. ड्रॉवरमध्ये गप्प पडून राहायचं ठरवलं होतं. पण आज परत बाहेर काढलं मला, आणि राहवेना.

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर. जव्हारमधल्या एका दुकानात जन्मलो. रबरावर अक्षरं होती, उंबरमाळ आदिवासी सोसायटी. पहिल्याच वर्षी पडलो आणि कडेचं एक अक्षर तुटलं. तरी पाडा मला जपायचा.

पाड्याची एक रीत होती. मी राहायचो मुरलीधरकाकांच्या घरी आणि माझा दोस्त, शाईचा पॅड, सविताताईंच्या घरी, पाड्याच्या दुसऱ्या टोकाला. ठप्पा मारायचा तर दोघांनी सभेत यायचं, कागद मोठ्याने वाचायचा, मगच. ग्रामसेवक हसायचा. "अहो, एका डब्यात ठेवा की." सविताताई म्हणायच्या, "मग सभा कशाला भरवायची?"

मग माळावर सोलरचा मोठा प्रकल्प आला. कंपनी आखातातल्या रास अल खैमाची. पाडा म्हणाला, जमीन आमची, तर मालकीत वाटाही आमचा. वाटा घ्यायला पैसा लागतो. बँक पाड्याला कर्ज देईना. तेव्हा सरकारने हमी घेतली, यांनी नाही फेडलं तर आम्ही फेडू. मिळाला वाटा. त्या दिवशी मी ठप्पा मारला आणि लोक नाचले.

बाकीच्या सह्या कंपनीच्या ऑफिसात, तिकडे. दोघांनी जायचं ठरलं. पण सविताताईंचा पासपोर्टच आला नाही. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं. त्यांनी पॅड पिशवीत घालून काकांना दिला. "वाचल्याशिवाय उघडू नका."

पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पिशवीत. मला मजा वाटली. मूर्ख होतो.

कंपनीचे राजन साहेब पुण्याचे. चौदा कागद होते. तेरा त्यांनी मराठीत वाचून दाखवले. चौदावा सरकवत म्हणाले, "ही नुसती रिसीट आहे, काका." काकांनी सही केली. ठप्पा मात्र वाचलेल्या तेरा कागदांवरच मारला. "वाचला नाही त्यावर शिक्का नाही. रीत आहे आमची."

"बरोबर आहे, बरोबर आहे," राजन साहेब हसले.

रविवारी त्यांनी काकांना अल कुसैस भागातल्या आपल्या घरी जेवायला नेलं. तासभर मी तापलेल्या गाडीत होतो. रबराखालचा गोंद तिथेच सुटायला लागला. त्यांच्या ईशानीने मला दोन बोटांत धरलं. "पप्पा, इट्स सो डर्टी."

"अगं, काकांची अख्खी इस्टेट आहे ती. नीट धर." सगळे हसले. काकाही हसले.

मग साहेबांनी खोका काढला. "हा बघा. याच्या पोटातच शाई. पॅड नको, काही नको. पस्तीस दिरहॅम, म्हणजे आठशे रुपये. माझ्याकडून भेट. जुना राहू दे इथे, आठवण म्हणून."

काकांनी नवा शिक्का पेपरवर दहा वेळा मारून बघितला. मग रुमालाने मला पुसलं. "याने कधी खोटा ठप्पा मारला नाही बरं का," म्हणाले, आणि मला टेबलावर ठेवलं. पॅडही ठेवला. त्याचं आता काय काम?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात आणलं आणि तो चौदावा कागद काढला. पाड्याचा वाटा कंपनीला दिला, असं त्यात होतं. मोठ्याने कुणीच वाचलं नाही. मला दाबलं. मी उमटलो.

"सर, लोन?" अंकुरने विचारलं. तो तिथला ज्युनियर.

"लोन पाड्याच्याच नावावर. नाही फेडलं तर सरकार आहे ना. बँक सेफ, आपण सेफ."

"और वो लोग?"

"यल्ला, चल, स्कॅन कर."

आज सविताताईंचा फोन आला. साहेबांनी स्पीकरवर टाकला. "माझा पॅड कुठाय?"

"ताई, ते जुनं सामान फेकलं. खलास."

"मग वाटा दिल्याच्या तुमच्या कागदावर तुटक्या अक्षराचा ठप्पा कुठून आला? काकांनी तर तेराच मारले होते. पाडा काकांना चोर म्हणतोय. त्यांनी जेवण सोडलंय."

"वजन कमी होईल," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. मग आम्हाला ड्रॉवरमधून काढून दाखवत म्हणाले, "अंकुर, वरच्या माळाच्या जमिनीचा कागद पण उद्या करून टाक. काकांची सही आत स्कॅन करून घाल. शिक्का मार आणि मग हे दोन्ही खरंच फेक."

मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी अवघड रीत असेल. हसू येईल. पण ती मोडायला कुणी प्रेमाने भेट आणली, तर आधी भेट ठेवा बाजूला. मी नाही म्हणू शकत नाही, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.

आता ड्रॉवरमध्ये अंधार आहे. पॅड शेजारी आहे, अर्धा सुकलेला, रडवेला. त्याला मी शब्द दिलाय. उद्या मला तुझ्यात दाबतील ना, तेव्हा हे सुटलेलं रबर मी तुझ्याच अंगावर सोडणार. पाड्याचं नाव तुझ्यापाशी राहील. कागदावर नुसतं लाकूड आपटेल.