दिल्लीला न गेलेला अर्ज

मी एक अर्ज बोलतोय. नळाच्या तक्रारीचा किंवा रजेचा नव्हे बरं का! मी संशोधनाच्या अनुदानासाठी केलेला अर्ज आहे, चांगला तेवीस पानांचा, डाव्या कोपऱ्यात पिन मारलेला. अंगाला सुक्या बोंबलांचा वास येतो. तो कुठून लागला, ते सांगतोच.

माझा जन्म भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. मला लिहिलं क्षितिजाने. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते, आणि तिचा जीव अडकलाय तो विज्ञानाच्या सामाजिक अभ्यासात. हे नाव ऐकलं की सोसायटीतले लोक विचारतात, "म्हणजे नक्की सायन्स की सोशल?" मग ती न कंटाळता सांगते, "शास्त्रज्ञ जे शोधतात ते लोकांपर्यंत कसं पोचतं, लोक त्यावर विश्वास का ठेवतात किंवा का ठेवत नाहीत, आणि शोधताना कोणाला विचारलं जातं, कोणाला नाही, हे मी बघते." लोक मान डोलावतात आणि लिफ्टमध्ये शिरतात.

माझ्यातला प्रश्न साधा होता. उपग्रहावरून समुद्राचं पाणी तपासून, मासळी कुठे गावेल याचा अंदाज हल्ली मच्छीमारांच्या मोबाईलवर येतो. उत्तनजवळच्या चौक गावातले लोक तो अंदाज मानतात का? त्यांचं स्वतःचं ज्ञान त्याच्याशी कुठे जुळतं आणि कुठे भांडतं? मला तर हा प्रश्न फारच आवडला. आता मी तिचाच अर्ज, मला आवडणारच म्हणा.

माझे दोन थोरले भाऊ आधीच नापास होऊन आले होते. पहिल्याला विज्ञानवाल्या परीक्षकांनी 'यात विज्ञान कुठे आहे?' असं विचारून परत पाठवलं. दुसऱ्याला समाजशास्त्रवाल्यांनी 'यात विज्ञान फार झालं' म्हणून. माझ्या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. अर्जदाराचं वय पंचेचाळीसच्या आत हवं अशी अट होती आणि क्षितिजाला डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हे ती घरात बोलत नव्हती, पण माझी पानं जुळवताना तिचे हात गार पडायचे, ते मला कळायचं.

क्षितिजा आधी मराठीत लिहिते आणि मग इंग्रजी करते. मी त्यातला मराठी, आणि तोही सहावा खर्डा. तिचे बाबा, पंढरीनाथ, एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाले तरी लाल पेन काही सुटलं नाही. त्यांनी माझे सगळे स्वल्पविराम रांगेत उभे केले आणि म्हणाले, "आता यात चूक सापडणार नाही." मी छाती फुगवली. भाईंदर पश्चिमेला झेरॉक्सवाल्या जयकुमारभाईंनी मला छापलं तेव्हा तेही म्हणाले, "इस बार हो जाएगा मॅडम, ये प्रिंटर लकी है." हे त्यांनी माझ्या दोन्ही भावांच्या वेळीही सांगितलं होतं.

सोमवारी संध्याकाळी पाचला अर्ज भरायची मुदत संपणार होती. जोडायला फक्त एक कागद कमी होता, चौकच्या मच्छीमार सोसायटीचं संमतिपत्र. शनिवारी सकाळी क्षितिजा मला पिशवीत घालून बसने चौकला गेली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कृष्णाबाई हो म्हनल्या की सही घेऊन जा. मंडळावर बाई येकच हाय, पन तिच्यापुडं आमचं चालत न्हाय."

कृष्णाबाई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे, असं त्यांचं काम झपाझप चाललं होतं. क्षितिजाने थोडक्यात विषय सांगायला सुरुवात केली.

"थोडक्यात नको," कृष्णाबाई म्हणाल्या. "तेवीस पानं हायती ना? मंग तेवीस वाच."

क्षितिजा पालथ्या क्रेटवर बसून वाचू लागली. मला पहिल्यांदाच उन्हात, वाऱ्यात कोणी मोठ्याने वाचत होतं. काही शब्द इतके जड होते की माझी मलाच लाज वाटली. नवव्या पानावर पहिला अडथळा आला. तिथे लिहिलं होतं, 'सहभागींची नावे गुप्त ठेवली जातील.'

"गुप्त? आमी काय चोरी केलीय?"

"तसा नियम असतो मावशी, तुमच्याच भल्यासाठी."

"माझं भलं मी बगते. बोलनार मी, आन नाव तुझं येकटीचं?"

क्षितिजाने समासात खूण केली. ती पुढे वाचत राहिली. चौदाव्या पानावर कामाचं वेळापत्रक होतं, माझं सगळ्यात देखणं पान, रेघा मारलेलं. महिना पहिला आणि दुसरा, वाचन. महिना तिसरा आणि चौथा, मच्छीमारांसोबत बोटीवर निरीक्षण.

"थांब," कृष्णाबाई म्हणाल्या. "तुझी मंजुरी कवा येनार?"

"एप्रिलमध्ये."

कृष्णाबाईंनी ओल्या बोटांवर मोजलं. "एप्रिल येक. मे दोन. तिसरा जून, चवथा जुलै." आणि त्या अशा काही हसल्या की शेजारच्या बायकाही हातातलं काम टाकून बघायला लागल्या. "अगो पोरी, जून-जुलैत मासेमारीला बंदी असते! बोटी वर काढून शाकारलेल्या. तू निरीक्षन कुठं करनार, ताडपत्रीखाली बसून?"

क्षितिजाचा चेहरा उतरला. गंमत म्हणजे बंदीची माहिती तिनेच चौथ्या पानावर लिहिली होती. पण अनुदानाच्या फॉर्ममध्ये महिन्यांना नावं नसतात, नुसते आकडे असतात. त्यामुळे बोटीवरचा तिसरा महिना म्हणजे जून, हे तिला दिसलं नाही आणि बाबांनाही दिसलं नाही. त्यांनी तर त्याच तक्त्यात दोन स्वल्पविराम दुरुस्त केले होते. मच्छीमारांना काय कळतं हे विचारायला निघालेला मी, आणि माझंच वेळापत्रक समुद्राला ठाऊक नव्हतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कृष्णाबाईंनी क्षितिजाच्या हातून पेन घेतलं, 'महिना तिसरा' वर काट मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नारळी पुनव झाल्यावर'. त्यांच्या अंगठ्याचा ओला ठसा माझ्यावर उमटला. तोच हा वास. तेव्हा मला राग आला होता, आज तो ठसा मला पदकासारखा वाटतो.

"तुमी बोटीवर जाता का मावशी?" क्षितिजाने विचारलं. चौदा पानांत तिच्या तोंडी 'तुमी' आलं होतं.

"आमच्या घरात बाई कवा बोटीवर गेली न्हाय. मी धक्क्यावर. बोट आली की मासळी बगून सांगते कुठलं पानी व्हतं ते."

क्षितिजाने उरलेली नऊ पानं वाचून दाखवली. मग तिने माझ्या पहिल्या पानावर आपल्या नावाखाली हाताने लिहिलं, 'सहसंशोधक: कृष्णाबाई'.

"ह्ये काय असतं?"

"माझ्या बरोबरीने अभ्यास करणारी."

"मंग दे तो सहीचा कागद."

सोमवारी दुपारी खरी परीक्षा झाली. ऑनलाइन फॉर्ममध्ये सहसंशोधकाची पदवी भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. यादीत एम.ए. होतं, पीएच.डी. होती, आणि सगळ्यात खाली 'इतर'. बाबा खुर्चीच्या मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "क्षितू, एवढ्याच कारणावरून अर्ज बाद करतील. नाव काढ. नंतर त्यांना समजावून सांगू. तुझी शेवटची वेळ आहे गं."

साडेचार वाजले होते. क्षितिजाने माझ्याकडे पाहिलं, त्या ठशाकडे. "बाबा, ज्यांना कधी विचारलं जात नाही त्यांच्याबद्दल मी तेवीस पानं लिहिली आणि पहिल्याच पानावरून त्यांचं नाव काढू?" तिने 'इतर'वर बोट ठेवलं आणि अर्ज पाठवून दिला. माझा इंग्रजी भाऊ सगळ्या दुरुस्त्या घेऊन दिल्लीला, समितीकडे गेला. मी टेबलावरच राहिलो.

फेब्रुवारीत समितीने ऑनलाइन मुलाखत घेतली. कृष्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जेसल पार्कला आल्या. बाबांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. लॅपटॉपवरून एका गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "आपकी डिग्री में 'अन्य' लिखा है. इसका मतलब?"

कृष्णाबाई म्हणाल्या, "मतलब ये, साहेब, की इसके टाइमटेबल में गलती था. सब पढे-लिखे लोगों ने देखा, किसी को नहीं दिखा. वो मैंने निकाला."

पलीकडे सगळी समिती हसली. त्यातल्या एका बाईंनी मात्र मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये मंजुरी आली. बाबांनी मंजुरीच्या पत्रातले स्वल्पविरामही तपासले. क्षितिजा आधी रडली आणि मग चौकची बस पकडली. तिने मला कृष्णाबाईंना भेट दिलं. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. जून-जुलै दोघी दारापुढे जाळी विणणाऱ्यांत बसून गप्पा लिहून घेत होत्या, तेव्हा मी वरून ऐकत होतो.

नारळी पुनव झाली. बोटी पाण्यात उतरल्या. क्षितिजा पहाटेच धक्क्यावर आली, आणि कृष्णाबाईंनी खिळ्यावरून मला काढलं.

"आय, तू कुठं निगालीस?" बोटीवरून त्यांचा मुलगा लवू ओरडला.

कृष्णाबाईंनी माझं पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. "वाच. मी सहसंशोधक हाय. कामाला निगालेय."

लवूने वाचलं, डोकं खाजवलं आणि आईला वर घ्यायला हात पुढे केला.

आता माझी पानं दमट झालीत, पिन गंजलीय आणि मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. अर्ज लिहिणाऱ्यांनो, जाता जाता एकच मागणं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांना आधी सगळा अर्ज वाचून दाखवा, आणि पेन त्यांच्या हाताला लागेल असं ठेवा.

त्या सकाळी क्षितिजाला बोट लागली आणि ती कठड्याला धरून बसली. कृष्णाबाई मात्र मला छातीशी धरून ताठ उभ्या होत्या. जन्मभर जिथे उभं राहून वाट पाहिली त्या धक्क्याकडे त्या वळून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "क्षितिजा, लिव. धक्का हितनं येवढासा दिसतो."